सिल्लोडवाले आणि तीन नंबरचा प्रेस

भिण्याच्या बाबतीत सिल्लोडवाल्यांचा हात धरील असा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि मी माणसं काही थोडी पाहिलेली नाहीत. लोक कुत्र्याला भितात, सापाला भितात, सासूला भितात. सिल्लोडवाले चालू पंख्याखाली बसत नसत. कुणाच्या घरी जेवायला गेले आणि आत कुकर चढलेला असला, तर त्याच्या शिट्ट्या ते अंगणात उभं राहून ऐकत आणि गॅस बंद झाल्याचं कुणीतरी ओरडून सांगितलं की मगच आत येत. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघत, चार पावलं जात, परत येत, चौथ्यांदा ओढत. चितेगावात पैठण रोड ओलांडायचा म्हणजे तर त्यांच्या जिवावर यायचं. गाड्या येत राहायच्या आणि हे डबा छातीशी धरून कडेला उभे. शेवटी त्यांनी एक उपाय काढला होता. सकाळी म्हशी रस्ता ओलांडायच्या, त्या वेळेला हे हजर राहायचे आणि दोन म्हशींच्या मधून चालत पलीकडं जायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, लाज नाय वाटत? म्हशीत चालता व्हय?" तर म्हणाले, "आपा, माणसाला उडवून गाडीवाला पळून जातो. म्हशीला कोणी उडवत नाही. म्हशीचा मालक भांडतो."

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही. नाव छापून आलं तर कुणीतरी शोधत दारात येईल, असं वाटून चार दिवस त्यांना झोप लागायची नाही. ते सिल्लोडचे, म्हणून आम्ही बाया त्यांना सिल्लोडवाले म्हणायचो आणि ते आम्हां सगळ्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणायचे. मी स्वतः सोयगावकडची. चौथी शिकलेली. नवरा वारला तेव्हा दोन पोरी पदरात होत्या. गावात धड काम नव्हतं, म्हणून मी चितेगावला आले आणि पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. मला तीन नंबरचा प्रेस मिळाला. प्रेस म्हणजे बाईच्या दीडपट उंच लोखंडी धूड. खाली साचा, वर साचा. मध्ये पत्र्याची पट्टी सरकवायची, वरचा साचा खाली आदळतो आणि नग कापला जातो. माझ्या आधी त्यावर जी बाई होती, तिची उजव्या हाताची दोन बोटं त्यानं नेली होती. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तरी मी बसले, कारण दुसरी जागा रिकामी नव्हती.

तेव्हा प्रेसच्या बाजूला एक कपाट असायचं आणि त्यात रिले नावाच्या डब्या दिवसभर टकटक करायच्या. प्रेस कधी चालेल आणि कधी थांबेल, ते त्या डब्या ठरवायच्या, आणि एखादी चिकटली की काहीच ठरायचं नाही. मग कंपनीनं ते कपाट काढून त्या जागी पीएलसी, म्हणजे मशीनला हुकूम देणारा कॉम्प्युटर, बसवला, आणि तो सांभाळायला सिल्लोडवाले आले. आमची अपेक्षा होती की काहीतरी मोठं येईल. आला तो भाकरीच्या डब्याएवढा करडा डबा, हिरव्या बारीक दिव्यांची रांग असलेला. मी विचारलं, "एवढुसा जीव या धुडाला आवरतो व्हय?" सिल्लोडवाल्यांना कुणी विचारलं की फार बरं वाटायचं. ते म्हणाले, "आपा, हा डबा हुशार नाही, शक्की आहे. सारखा विचारतो. मागची जाळी लागली का? हवेचा दाब पुरेसा आहे का? बाईचे हात कुठं आहेत? सगळ्यांकडून 'हौ' आलं तरच साचा खाली सोडतो. आणि एकदा विचारून गप बसत नाही. पापणी लवेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागतो." मग डब्याकडं मायेनं बघून म्हणाले, "या दुनियेत माझ्यापेक्षा भित्रा हा एकच."

त्या डब्यात काय लिहायचं, ते सिल्लोडवाले आधी शाळेच्या वहीत लिहायचे. वहीत शिड्या काढलेल्या असायच्या; म्हणे या कामाची भाषाच तशी असते, दोन उभे दांडे आणि मध्ये पायऱ्या, एकेका पायरीवर एकेक अट. दोन फुटी स्टुलावर चढताना खाली दोन माणसं धरायला लावणारा हा माणूस दिवसभर शिड्या काढत बसायचा. पण त्याच्याही आधी तो आणखी एक यादी करायचा. प्रत्येक मशीनवरच्या बाईजवळ जाऊन विचारायचा, "आपा, इथं तुम्हाला कशाची भीती वाटते?" असं आम्हाला कुणी कधी विचारलेलं नव्हतं, म्हणून बाया हसायच्या. माझ्या शेजारच्या प्रेसवरची चंद्रकला म्हणाली, "नवऱ्याची." त्यांनी तेही लिहून घेतलं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मी नाय भीत कशाला. भिऊन कसं भागंल?" त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं. 'तीन नंबर: बाई भीत नाही. इथं जास्त बंदोबस्त.'

त्यांची आणखी एक खोड सगळ्या कंपनीत गाजलेली होती. मशीन तपासताना कधी कधी डब्याला खोटं सांगावं लागतं. मागची जाळी उघडी असते, पण तपासणीपुरतं सांगायचं की लागलेली आहे. काम झालं की ते खोटं आठवणीनं मागं घ्यायचं. विसरलं, तर जाळी उघडी असतानाही साचा खाली येणार. आपण विसरू, या भीतीनं सिल्लोडवाले असं खोटं सांगताना पायातला एक बूट काढायचे आणि डब्यावर ठेवायचे. एका बुटावर कुणी घरी जात नाही. एकदा मधेच त्यांना मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं आणि हे तसेच, एक पाय बुटात आणि एक मोज्यात, ऑफिसच्या गुळगुळीत फरशीवरून चालत गेले. पाहुणे बसलेले होते. साहेबांनी विचारलं, हा काय प्रकार? सिल्लोडवाले म्हणाले, "साहब, मशीनसे एक झूठ बोलके आया हूँ. वापस लेना है. जल्दी छोडो."

हसून हसून आमची पुरेवाट व्हायची. पण या माणसाचा आम्हाला राग यायला लागला तो बटणांवरून. प्रेसला समोर दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही दाबायची. हात बटणांवर असले म्हणजे साच्यात नाहीत, एवढंच त्यात आहे. पण दोन्ही हात बटणांवर ठेवले तर पट्टी कुणी सरकवायची? म्हणून आमची एक रीत होती. सायकलच्या ट्यूबचा पट्टा एका बटणावर आवळून बांधायचा. ते कायम दाबलेलं राहतं, मग एका हातानं दुसरं दाबायचं आणि एका हातानं पट्टी सरकवायची. प्रत्येकीचा पट्टा आपापला, तो कमरेला खोचलेला असायचा. माझा सगळ्यात चिवट होता. नग भराभर निघायचे आणि सुपरवायझर दुसरीकडं बघायचा. नग कमी निघाले तर तो बाईला पॅकिंगला टाकायचा आणि तिथून घरी बसवायला वेळ लागायचा नाही. सिल्लोडवाल्यांनी डब्यात लिहिलं की दर ठोक्याला दोन्ही बटणं सुटली पाहिजेत आणि पुन्हा बरोबरीनं दाबली गेली पाहिजेत. आमचे पट्टे त्या दिवशी कचऱ्यात गेले.

बायांनी त्यांना चहाच्या वेळेला घेरलं. चंद्रकला कमरेवर हात देऊन म्हणाली, "काय हो सिल्लोडवाले, तुमच्या घरी बायका नाय कामाला? आमच्या पोटावर कामून पाय देता?" सिल्लोडवाल्यांच्या हातातला पेला खाली पडला. "आपा, मी तुमच्याकडनं आहे."

"मग काढा ते."

"नक्को. तुमच्याकडनं आहे म्हणून तर नाही काढत."

मी म्हटलं, "एवढं भ्याल तर जगाल कसे?" तेव्हा त्यांनी सांगितलं की आधीच्या एका कारखान्यात, जुन्या कपाटातली एक डबी चिकटली होती आणि ते तिथं समोर उभे होते. मी विचारलं, मग? ते म्हणाले, "मग काय. त्या दिवसापासून मी असा आहे." मी पुढं विचारलं नाही.

विचारायला पाहिजे होतं. पण माझं डोकं तेव्हा नगांमध्ये होतं. दोन दिवसांनी मी घरून लाटणं नेलं. लग्नाच्या पंगतीचं, लांब. आमच्यात रोज भाकरी, लाटणं सणापुरतं निघायचं. ते दोन्ही बटणांवर आडवं टाकायचं आणि डाव्या कोपरानं मधोमध दाबायचं. दोन्ही बटणं एकदम खाली. कोपर उचललं की दोन्ही सुटतात. डब्याला वाटतं बाईचे दोन्ही हात बटणांवर आहेत आणि उजवा हात असतो साच्याशी. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आठ दिवसांत सगळ्या प्रेसवर लाटणी आली. सुपरवायझर एकदा म्हणाला, "आज काय पुरणपोळ्या आहेत का?" आणि हसत पुढं गेला.

एका दुपारी सिल्लोडवाले माझ्याजवळ येऊन थांबले. लाटण्याकडं बघत म्हणाले, "आपा, हे इथं कशाला?" मी म्हटलं, "तुमच्या डब्याला पोळ्या करून घालते." ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला आणि ते माझ्या स्टुलाशेजारी जमिनीवरच बसले. तेलाच्या डागात, स्वच्छ पँट घालून. पुढचे दहा-पंधरा ठोके ते नुसते माझ्या उजव्या हाताकडं बघत होते आणि दर ठोक्याला त्यांचे खांदे दचकत होते. मग उठून सुपरवायझरकडं गेले. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, सुपरवायझरचं एवढंच ऐकू आलं: "नग निघतात ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला बसले. पहिला ठोका बरोबर पडला. दुसरा पडला. मग पट्टी तिरकी अडकली. मी उजवा हात आत घातला, बोटांनी ती सरळ करायला लागले, आणि नीट दिसावं म्हणून पुढं वाकले. वाकताना सगळा भार कोपरावर आला. कोपर लाटण्यावर होतं. दोन्ही बटणं खाली गेलेली मला कोपराला कळली. हात आत होता.

साचा आला नाही.

डब्याशेजारी एक लाल दिवा लागला आणि प्रेस बंद पडला. मला हात बाहेर घेता येईना. बोटं मला दिसत होती, पाचही, वरच्या साच्याच्या बरोबर खाली, पण ती माझं ऐकत नव्हती. लघवी सुटेल की काय असं वाटलं. पलीकडं बाया आपापले प्रेस सुरू करायच्या गडबडीत होत्या आणि कुणाचं लक्ष नव्हतं. मी कशाला भीत नाही, असं मी सांगत आले होते. ते साफ खोटं होतं. तोवर मला भ्यायला सवड मिळाली नव्हती, एवढंच.

सिल्लोडवाले धावत आले आणि माझ्यापासून चार हातांवर थांबले. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतलेले होते. तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "आपा, हाथ बाहेर घ्या. मी बघत नाही. सावकाश. तो येणार नाही, मी त्याला सांगितलंय." मग मला हात काढता आला. "निकाला?" "व्हय." "पुरा?" "पुरा." तेव्हा त्यांनी डोळे उघडले, माझी बोटं एक-दोन-तीन अशी मोजली आणि कोपऱ्यात जाऊन ओकले.

त्यांनी काय केलं होतं, ते मला नंतर समजलं. कुणाला न विचारता, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, त्यांनी सगळ्या प्रेसच्या डब्यांत एक पायरी वाढवली होती. ते म्हणाले, "आपा, दोन हात कधी अगदी एकदम पडत नाहीत. एक केसभर आधी, एक केसभर मागं. लाकूड एकदम पडतं. एखाद्या वेळी हातही एकदम पडतील, ते माफ. पण लागोपाठ तीनदा एकदम आलं म्हणजे ते हात नाहीत. तिसऱ्याला मी साचा सोडतच नाही." माझा तो तिसरा होता.

थोड्याच वेळात सगळ्या प्रेसवर लाल दिवे लागले. नग थांबले. मॅनेजर खाली आला, सुपरवायझर त्याच्या मागं. मोठी ऑर्डर जायची होती. मॅनेजर म्हणाला, "हे आत्ता काढायचं." सिल्लोडवाल्यांनी मागं सरकून डब्याला पाठ टेकवली. "नक्को साहेब."

"भीती कुणाची वाटते तुम्हाला? माझी का मशीनची?"

"दोन्हीची साहेब. मशीनची जास्त."

मॅनेजरनं आमच्याकडं वळून विचारलं, "पण मशीन थांबलं कशानं? कुणी काही लावलं होतं का बटणांना?" लाटणं माझ्या पदराखाली होतं. मी बोलले असते, तर माझी नोकरी त्या क्षणी गेली असती. दोन पोरी शाळेत होत्या. मी चंद्रकलेकडं बघितलं, ती जमिनीकडं बघत होती. सुपरवायझर माझ्याकडं बघत होता. सिल्लोडवाल्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "कोणी काही नाही केलं साहेब. मी चाचणी घेत होतो. माझी चूक."

मी गप्प राहिले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पोरींनाही नाही.

त्यांना त्याच दिवशी काढलं. गेटपाशी मी त्यांना गाठलं. त्यांनाच बोलावं लागलं. "आपा, एक काम करा. डब्यात एक सेल आहे. त्याच्यावरच त्याचं सगळं ध्यानात राहतं. सेल संपला आणि वरून लाइट गेली, तर डबा सगळं विसरेल. मग नवा माणूस नवं लिहील, आणि तो हे लिहिणार नाही. सेलचा बारीक दिवा आहे, तो लागला की बोंबला." एवढं बोलून ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्या वेळेला म्हशी नव्हत्या. मी मधे उभी राहून दोन ट्रक थांबवले आणि त्यांना पलीकडं लावून दिलं. त्यांच्यासाठी मी एवढंच केलं.

कंपनीनं दुसरा माणूस आणला. त्यानं सांगितलं की आधीचा आत कुलूप घालून गेलाय, आकडा माहीत असल्याशिवाय काही बदलता येणार नाही. सिल्लोडला फोन लावला. सिल्लोडवाले म्हणाले, आकडा विसरलो. घराचं कुलूप चारदा ओढून बघणारा माणूस म्हणे आकडा विसरला! सगळं पुसून नव्यानं लिहायचं तर प्रेस बंद ठेवावे लागणार आणि ऑर्डर तर दारात. शेवटी मॅनेजरनं नगांचा आकडा खाली आणला. ती पायरी तशीच राहिली.

पुढची सगळी वर्षं मी भीत काढली. चितेगावात लाइट जाणं काही नवं नव्हतं. ती परत आली की मी आधी सेलचा दिवा बघायचे. जो कुणी नवा इलेक्ट्रिशियन येईल, त्याच्या मागं लागायचे, "सेल बदलला का? दाखव." सकाळी काम सुरू करायच्या आधी पट्टी न घालता, उजवा हात पाठीमागं धरून, मी लाटण्यानं तीन ठोके द्यायचे. तिसरा पडला नाही की लाटणं ठेवायचे, इलेक्ट्रिशियनकडून प्रेस पुन्हा चालू करून घ्यायचे आणि कामाला लागायचे. नव्या बाया मला हसायच्या. सुपरवायझर म्हणायचा, "आजी, तुम्ही त्या सिल्लोडवाल्यासारख्याच झालात." माझ्यादेखत त्या शेडमध्ये एकीचंही बोट गेलं नाही.

आता काम सुटून बरीच वर्षं झाली. ते प्रेस कंपनीनं विकले म्हणतात. कुठं गेले, माहीत नाही. सिल्लोडवाले आहेत. तिकडच्या एका बाईनं सांगितलं की बाजारात त्यांचं मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करायचं लहानसं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाला ते उंबऱ्याबाहेरच उभं करतात. जाऊन भेटावं, असं मनात येतं. काय सांगायचं, तेही ठरलेलं आहे. फार नाही, दोन वाक्यं आहेत. मागच्या महिन्यात शहरात पोरीकडं आले होते, तेव्हा बसस्टँडवर गेले. सिल्लोडची गाडी लागलेली होती, खिडकीजवळ जागाही होती. कंडक्टरनं दारातून विचारलं, "आजी, सिल्लोड का?"

मी म्हटलं, "नाय."